यंत्रांची माहिती साध्या मजकुरात जपून ठेवण्याविषयी

घरात, सोसायटीत आणि मंडळाच्या सभागृहात आज जितकी यंत्रे आहेत, तितकी पंचवीस वर्षांपूर्वी नव्हती. इन्व्हर्टर, पाण्याचा पंप, ध्वनियंत्रणा, प्रोजेक्टर, कॅमेऱ्यांचा संच, लिफ्ट, सोलर पॅनेल आणि काही घरांत ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरसुद्धा. प्रत्येक यंत्रासोबत एक माहितीपुस्तिका येते. कोणती तार कोठे जोडली, कोणता फ्यूज किती ॲम्पिअरचा, यंत्र बंद करण्याचा क्रम काय, ही माहिती मात्र पुस्तिकेत नसते. ती बसवणाऱ्या कारागिराच्या किंवा एखाद्या उत्साही सभासदाच्या डोक्यात असते. कारागीर गाव सोडतो, सभासद वयोमानाने थकतो, कार्यकारिणी बदलते आणि ऐन गणेशोत्सवात आवाज बंद पडला की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात.

ही माहिती लिहून ठेवावी याबद्दल कोणाचे दुमत नसते. ती कशी लिहावी, म्हणजे वीस वर्षांनी दुसऱ्या माणसाला, दुसऱ्या संगणकावर वाचता येईल, हा प्रश्न मात्र विचार करण्याजोगा आहे. त्याचे सर्वांत सोपे आणि टिकाऊ उत्तर आहे ‘साधा मजकूर’, म्हणजेच प्लेन टेक्स्ट. सभासदांना संदर्भासाठी उपयोगी पडावी म्हणून त्याविषयीची माहिती येथे क्रमाने दिली आहे.

१. साधा मजकूर म्हणजे काय

संगणकाला अक्षरे कळत नाहीत, आकडे कळतात. प्रत्येक अक्षराला एक आकडा ठरवून दिला आणि ते आकडे ओळीने साठवले की झाला साधा मजकूर. त्यात अक्षरांचा आकार, रंग, ठळकपणा, चित्रे, पानाची मांडणी यांपैकी काही नसते. नोटपॅडमध्ये लिहून जतन केलेली फाइल हे त्याचे रोजचे उदाहरण. तिच्या नावापुढे बहुधा ‘डॉट टीएक्सटी’ असते.

याउलट वर्ड प्रोसेसरच्या फाइलमध्ये मजकुराबरोबर मांडणीच्या असंख्य सूचना असतात आणि त्या समजून घेण्यासाठी तो प्रोग्राम, पुष्कळदा त्याच पिढीतला, लागतो. १९८० व १९९० च्या दशकांत ज्यांनी कचेरीत वर्डस्टार किंवा लोटस १-२-३ वापरले, त्यांना हा अनुभव सांगायला नको. त्या काळच्या फाइली आज फ्लॉपीतून निघाल्या तरी सरळ उघडत नाहीत. त्याच काळात साध्या मजकुरात ठेवलेली फाइल आजच्या मोबाइलवरही वाचता येते.

बँकेच्या भाषेत सांगायचे तर साधा मजकूर हे रोख रकमेसारखे आहे. धनादेश वटवायला बँक उघडी असावी लागते, रोख मात्र कोठेही चालते.

२. अक्षरांचे आकडे कोणी ठरवले

अमेरिकेत १९६३ साली ‘ॲस्की’ नावाचे प्रमाण ठरले. त्यात १२८ आकडे होते. त्यांपैकी ९५ छापता येणाऱ्या खुणांसाठी (इंग्रजी अक्षरे, अंक, विरामचिन्हे आणि मोकळी जागा) आणि ३३ यंत्राला द्यायच्या आज्ञांसाठी, उदाहरणार्थ ‘नवी ओळ’, ‘घंटी वाजव’. इंग्रजीची लहान लिपी १९६७ च्या सुधारणेत पक्की झाली. इंग्रजीपुरते काम यात भागले. बाकी जगाच्या लिप्यांना त्यात जागा नव्हती.

भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे प्रमाण तयार झाले आणि भारतीय मानक ब्यूरोने ते १९९१ साली स्वीकारले. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. जगातील प्रत्येक लिपीतील प्रत्येक अक्षराला एक स्वतंत्र आकडा, हे युनिकोडचे तत्त्व. त्यातील देवनागरीची रचना इस्कीवरूनच बेतलेली आहे.

हे आकडे फाइलमध्ये कसे साठवायचे याची आज सर्वमान्य झालेली पद्धत म्हणजे यूटीएफ-८. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक या दोघांनी ती १९९२ साली आखली. तिचे मोठे वैशिष्ट्य असे, की जुनी ॲस्की फाइल काहीही न बदलता जशीच्या तशी यूटीएफ-८ ठरते. नवी पद्धत आली म्हणून जुनी चोपडी फाडावी लागली नाही. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक अक्षरचिन्ह तीन बाइट घेते. दोन हजार चिन्हांचे एक पान सुमारे सहा किलोबाइट होते. अशी हजार पाने मिळून सुमारे सहा मेगाबाइट, म्हणजे मोबाइलवर काढलेल्या दोनतीन छायाचित्रांएवढीच जागा लागते.

३. मराठी मजकुराची खास अडचण

युनिकोड रूढ होण्यापूर्वी मराठी टंकलेखनासाठी श्री-लिपी, आकृती, शिवाजी, कृतिदेव अशा नावांचे फॉन्ट आपल्याकडे वापरात होते. छपाईचे काम त्यांनी उत्तम केले. स्मरणिका, निमंत्रणपत्रिका, अहवाल त्यावरच निघत. त्यांपैकी बऱ्याच फॉन्टमध्ये युक्ती अशी असे, की इंग्रजी अक्षराच्या आकड्यावर मराठी अक्षराचे चित्र बसवलेले असे. फाइलमध्ये इंग्रजी अक्षरच असायचे, पडद्यावर मात्र ‘क’ दिसायचा. तो फॉन्ट संगणकावरून गेला की उरतात निरर्थक रोमन अक्षरांच्या रांगा.

ज्यांच्याकडे अशा जुन्या फाइली आहेत (मंडळाच्या जुन्या इतिवृत्तांतही त्या असू शकतात), त्यांनी पुढील दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

एक, त्या फाइली पुसू नयेत. कोणत्या फॉन्टमध्ये लिहिल्या होत्या हे कळले तर त्या युनिकोडमध्ये बदलून देणारे परिवर्तक प्रोग्राम मिळतात. म्हणून फॉन्टचे नाव आठवत असेल तर ते आजच लिहून ठेवावे. तेच कुलपाची किल्ली आहे.

दोन, परिवर्तनानंतर मजकूर मूळ छापील प्रतीशी ताडून पाहावा. जोडाक्षरे, रफार आणि अंक यांत चुका राहतात. यंत्राच्या नोंदीत अंक चुकला तर शुद्धलेखनाची नव्हे, फ्यूज उडण्याची चूक होते.

४. कागद शाबूत, वाचणारा नाही

माहिती नाहीशी होण्याचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात ती वस्तूच नष्ट होते. आपल्या बडोद्याला याचा दाखला द्यायला नको. २०१९ साली आणि पुन्हा ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी वस्त्यांत शिरले, तेव्हा तळमजल्यावरच्या कपाटांतील कागदांचे काय झाले ते अनेक कुटुंबांनी पाहिले आहे. पंप, इन्व्हर्टर आणि लिफ्टची यंत्रे नेमकी तळमजल्यावर असतात आणि त्यांच्या पुस्तिकाही तेथेच ठेवलेल्या असतात. यंत्र आणि त्याची माहिती एकाच वेळी पाण्यात जाते.

दुसरा प्रकार अधिक फसवा. वस्तू शाबूत राहते, पण वाचता येत नाही. मराठी माणसाला याचे उदाहरण घरचेच आहे. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर येथील जुन्या संस्थानी दप्तरांत आणि कित्येक घरांच्या माळ्यावर मोडी कागद आहेत. शाई ठीक, कागद ठीक, पण विसाव्या शतकात मोडी शिकवणे थांबले आणि नातवाला आजोबांच्या वडिलांचे खरेदीखत वाचता येईनासे झाले. (मोडीला युनिकोडमध्ये २०१४ साली जागा मिळाली, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट.)

संगणकाच्या जगातील प्रसिद्ध उदाहरण इंग्लंडचे आहे. तेथील १०८६ च्या ‘डूम्सडे बुक’ या जमीनपाहणी दप्तराला नऊशे वर्षे झाली, म्हणून १९८६ साली बीबीसीने नवा ‘डूम्सडे प्रकल्प’ केला. दहा लाखांहून अधिक लोकांनी, त्यात शाळकरी मुले पुष्कळ, आपापल्या गावची माहिती दिली आणि ती खास प्रकारच्या लेझर डिस्कवर साठवली गेली. त्या डिस्क वाचणारी यंत्रे लवकरच बाजारातून गेली. सोळा वर्षांत, म्हणजे २००२ च्या सुमारास, ही माहिती वाचण्यासाठी संशोधकांना जुन्या संगणकाची नक्कल करणारा प्रोग्राम तयार करावा लागला. मूळ १०८६ चे हस्तलिखित मात्र आजही लंडनमधील राष्ट्रीय अभिलेखागारात आहे आणि जाणकाराला वाचता येते.

यात साधनाचा दोष कमी आणि निवडीचा जास्त आहे. विशिष्ट यंत्रावाचून उघडत नाही अशा रूपात माहिती ठेवली, की त्या यंत्राचे आयुष्य हेच माहितीचे आयुष्य होते.

५. जाणकार लोक काय करतात

ज्यांचे सगळे आयुष्य यंत्रांत गेले, ते आपली माहिती कोणत्या रूपात ठेवतात हे पाहण्यासारखे आहे.

आज ज्याला आपण इंटरनेट म्हणतो, त्याचे नियम ‘आरएफसी’ नावाच्या टिपणांत लिहिलेले आहेत. पहिले टिपण ७ एप्रिल १९६९ रोजी स्टीव्ह क्रॉकर यांनी लिहिले. पुढची अनेक दशके ही टिपणे साध्या मजकुरात निघत राहिली. एका ओळीत जास्तीत जास्त ७२ खुणा, आकृत्याही उभ्या-आडव्या रेघा आणि अधिक-उणे चिन्हांनी काढलेल्या. २०१९ पासून मूळ प्रत वेगळ्या रूपात ठेवली जाते, तरी साध्या मजकुराची प्रत आजही प्रसिद्ध होते. पन्नास वर्षांपूर्वीचे टिपण आजचा विद्यार्थी काही विशेष न करता वाचू शकतो.

दुसरे उदाहरण लिनक्सचे. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी सुरू केलेल्या या प्रणालीच्या गाभ्यासोबत नाना प्रकारच्या यंत्रभागांची माहिती एका कप्प्यात ठेवलेली असते, तीही साध्या मजकुरात. २०१६ पासून त्यात मथळे, याद्या यांसाठी काही ठरावीक खुणा वापरू लागले, जेणेकरून तीच फाइल सुबक पानांतही दाखवता यावी. पण खुणांसकट कच्ची फाइल उघडली तरी ती माणसाला सहज वाचता येते. ही मर्यादा त्यांनी जाणीवपूर्वक पाळली आहे. जॉन ग्रुबर यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेली ‘मार्कडाउन’ ही खुणांची पद्धत याच विचारातली आहे.

आणि तांत्रिक माहिती लोकांच्या भाषेत असावी हा आग्रह तर आपल्याच गावचा आहे. महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांच्या आश्रयाने १८९० साली बडोद्यात कलाभवन सुरू झाले. प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांनी तेथे धंदेशिक्षण देशी भाषांतून देण्याचा आणि त्यासाठी ग्रंथ तयार करण्याचा मोठा खटाटोप केला. यंत्राची माहिती इंग्रजीतच असली पाहिजे असे नाही, हे या शहराला सव्वाशे वर्षांपूर्वी ठाऊक होते.

६. यंत्राची नोंद कशी लिहावी

प्रत्येक यंत्रासाठी एक स्वतंत्र फाइल ठेवावी. तीत पुढील बाबी असाव्यात.

– यंत्र कोणते आणि ते नेमके कोठे आहे. ‘मागच्या खोलीत’ एवढे पुरत नाही. कोणती भिंत, किती उंची, समोर काय, हे लिहावे.
– कंपनी, मॉडेल आणि अनुक्रमांक. यंत्राच्या पट्टीवर जशी अक्षरे आहेत तशीच, रोमन असतील तर रोमनमध्येच लिहावीत.
– खरेदीची तारीख, बिलाचा क्रमांक, हमीची मुदत.
– कोणत्या स्विचवरून किंवा एमसीबीवरून वीज येते. पेटीतील कितवा, डावीकडून मोजून.
– जोडणी. तारांचे रंग आणि त्या कोठून कोठे जातात.
– सुरू करण्याचा क्रम, बंद करण्याचा क्रम.
– काय करू नये.
– देखभाल कधी, कशाने.
– आजवरच्या दुरुस्त्या, तारखेसह. नवी नोंद नेहमी खाली, जुनी खोडू नये.

शेवटचा मुद्दा बँकेतल्या माणसाला वेगळा सांगावा लागत नाही. खातेवहीत चूक झाली तर खाडाखोड न करता उलट नोंद करायची, म्हणजे काय झाले ते पुढच्याला दिसते. यंत्राच्या नोंदीतही ‘मार्चमध्ये १० ॲम्पिअरचा फ्यूज काढून ५ चा घातला’ हे दिसत राहिले तर पुढचा कारागीर कारण शोधतो. जुनी ओळ पुसली तर तो पुन्हा १० चा घालतो.

तारांविषयी लिहिताना आपल्याकडील रूढ रंग लक्षात ठेवावेत. तीन फेजसाठी लाल, पिवळा, निळा, न्यूट्रल काळा, अर्थिंग हिरवा. जुन्या इमारतींत हे पाळलेले नसते. नसेल तेथे प्रत्यक्ष जो रंग आहे तो लिहावा आणि पुढे ‘रूढीपेक्षा वेगळा’ असे ठळक शब्दांत नोंदवावे. ध्वनियंत्रणेत माइकच्या तीन पिनांच्या कनेक्टरमध्ये पिन १ म्हणजे शील्ड, पिन २ म्हणजे अधिक आणि पिन ३ म्हणजे उणे अशी पद्धत आहे. नवी वायर कोणी सोल्डर करून दिली की ती या क्रमाने आहे ना, हे तपासून तसे लिहून ठेवावे.

७. एक नमुना

पुढील नमुना केवळ मांडणी समजावी म्हणून दिला आहे.

यंत्र : इन्व्हर्टर, सभागृह
जागा : रंगमंचामागची खोली, दारातून आत जाताना डाव्या भिंतीशी, फरशीपासून ३ फूट उंच लाकडी मांडणीवर
मॉडेल : मागील पट्टीवर आहे तसे
बॅटऱ्या : २, ट्यूब्युलर, प्रत्येकी १२ व्होल्ट, १५० ॲम्पिअर-अवर
जोडणी : दोन्ही बॅटऱ्या सिरीजमध्ये, एकूण २४ व्होल्ट
वीज येते : मुख्य पेटी, वरची ओळ, डावीकडून चौथी एमसीबी
यावर चालते : सभागृहातील ८ ट्यूब, ४ पंखे, जिन्यातील दिवा
यावर जोडू नये : एसी, पाण्याचा पंप, इस्त्री
बंद करण्याचा क्रम : १. पंखे-दिवे बंद. २. इन्व्हर्टरचे पुढील बटण बंद. ३. पेटीतील एमसीबी खाली.
बॅटरी काढताना : आधी उणे टोक सोडवावे. बसवताना उणे टोक शेवटी जोडावे.
देखभाल : दर दोन महिन्यांनी पाण्याची पातळी पाहावी. फक्त डिस्टिल्ड वॉटर. नळाचे पाणी घालू नये.
पुराचा इशारा आल्यास : वरील क्रमाने बंद करून, बॅटऱ्यांची टोके सोडवून, दोघांनी मिळून पहिल्या मजल्यावर न्यावे.

ही नोंद वाचायला पाच मिनिटेही लागत नाहीत. पण रात्री पाणी चढत असताना, पहिल्यांदाच सभागृहाची किल्ली हाती आलेल्या तरुणाला याच ओळी उपयोगी पडतील.

८. लिहिताना येणाऱ्या अडचणी

(अ) कोष्टके. इंग्रजीत सर्व अक्षरे समान रुंदीची असलेला फॉन्ट वापरून रकाने सरळ राखता येतात. देवनागरीत काना, वेलांटी, जोडाक्षरे यांमुळे रुंदी बदलते आणि मोकळ्या जागा देऊन आखलेले रकाने दुसऱ्या संगणकावर वेडेवाकडे होतात. म्हणून मराठीत कोष्टक टाळून, नमुन्यात केले तसे, ‘बाब : तपशील’ अशा एकेक ओळी लिहाव्यात. त्या कधीच विस्कटत नाहीत.

(आ) एकच शब्द, दोन रूपे. ‘बॅटऱ्या’मधील ‘ऱ्य’ संगणकावर दोन रीतींनी लिहिता येतो. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, पण आतले आकडे वेगळे असतात. तसेच ‘ॲम्पिअर’मधील ‘ॲ’ हे युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्र अक्षर म्हणून आले. त्यापूर्वी ‘अ’ला चंद्र जोडून काम भागवत आणि अजूनही कित्येक कळफलक तसेच करतात. परिणाम असा, की फाइलमध्ये शब्द डोळ्यांना दिसतो, पण शोध घेतला तर ‘सापडला नाही’ असे उत्तर येते. उपाय सोपा आहे. शोधताना ‘बॅट’ किंवा ‘म्पिअर’ असा शब्दाचा बिनचूक तुकडा द्यावा.

(इ) अंक. संगणकाच्या दृष्टीने देवनागरी अंक आणि इंग्रजी अंक वेगळे. एका नोंदीत दोन्ही मिसळू नयेत. यंत्रावर छापलेले क्रमांक मात्र आहेत तसेच उतरवावेत.

(ई) जतन करताना. नोटपॅडमध्ये ‘सेव्ह ॲज’ केल्यावर खाली ‘एन्कोडिंग’ असा पर्याय दिसतो. तेथे यूटीएफ-८ असल्याची खात्री करावी. नव्या विंडोजमध्ये ते आपोआप असते. जुन्या संगणकावर ‘एएनएसआय’ असते आणि ते तसेच ठेवून मराठी मजकूर जतन केला तर प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह बसते. फाइल बंद केल्यावर तो मजकूर परत मिळत नाही.

(उ) वर्डमधून नकलून घेताना. वर्ड प्रोसेसर सरळ अवतरणचिन्हांची वळणदार चिन्हे करतो आणि दोन लहान रेघांची एक लांब रेघ करतो. पत्र लिहिताना हे छान दिसते. पण कॅमेऱ्याच्या किंवा राउटरच्या यंत्रात जशीच्या तशी टाइप करायची आज्ञा असेल तर ती चालत नाही. अशा ओळी थेट नोटपॅडमध्येच लिहाव्यात.

(ऊ) छापील पुस्तिकेवरून मजकूर घेताना. छायाचित्रातून अक्षरे ओळखणारे प्रोग्राम आता मराठीही ओळखतात. टेसेरॅक्ट हा त्यांतला एक मुक्त प्रोग्राम आहे. मात्र शून्य आणि इंग्रजी ‘ओ’, एक आणि ‘एल’, पाच आणि ‘एस’, आठ आणि ‘बी’ यांत गल्लत होते. असा मजकूर दोघांनी मिळून ताडावा. एकाने मूळ वाचावे, दुसऱ्याने पडद्यावर पाहावे. मोबाइलवर बोलून टंकलेखन करणाऱ्यांनीही आकडे पुन्हा पाहावेत.

(ए) आकृत्या. सर्वच गोष्टी शब्दांत मावत नाहीत, हे मान्य केले पाहिजे. सर्किटची आकृती किंवा पाइपांचा नकाशा चित्रातच समजतो. तेथे छायाचित्र किंवा पीडीएफ जरूर ठेवावे आणि मजकुरात ‘आकृती अमुक नावाच्या फाइलमध्ये’ असे लिहावे. पण सुरक्षिततेची सूचना केवळ चित्रात ठेवू नये, शब्दांतही लिहावी. स्कॅन केलेले पीडीएफ हे प्रत्यक्षात छायाचित्रच असते, त्यात शब्द शोधता येत नाही, हेही ध्यानात असावे.

९. साठवण आणि प्रती

बँकेत संगणकीकरणाच्या सुरुवातीच्या वर्षांत दिवसअखेर फ्लॉपीवर बॅकअप घेण्याची शिस्त होती आणि त्याची एक प्रत शाखेबाहेर ठेवली जाई. तत्त्व आजही तेच आहे. तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यांतली एक दुसऱ्या जागी. उदाहरणार्थ, एक सचिवांच्या संगणकावर, एक पेनड्राइव्हवर दुसऱ्या सभासदाच्या घरी (शक्यतो वरच्या मजल्यावर) आणि एक ईमेलमध्ये किंवा क्लाउडवर. पेनड्राइव्ह वर्षानुवर्षे कपाटात पडून राहिला तर भरवशाचा राहत नाही, म्हणून दर गुढीपाडव्याला सर्व प्रती उघडून पाहाव्यात आणि नव्याने नकलून घ्याव्यात. न उघडलेला बॅकअप हा बॅकअप समजू नये.

फाइलच्या नावात जागेचे नाव, यंत्राचे नाव आणि वर्ष असावे. ‘नवीन’, ‘अंतिम’, ‘अंतिम-२’ अशी नावे देऊ नयेत. दोन वर्षांनी कोणते अंतिम खरे ते कळत नाही. नाव रोमन अक्षरांत, शब्दांमध्ये आडवी रेघ देऊन ठेवले तर जुन्या संगणकांवरही अडचण येत नाही.

साध्या मजकुराची एक छापील प्रत प्लास्टिकच्या पाकिटात घालून यंत्राजवळ, डोळ्यांच्या उंचीवर लावावी. वीज गेली की संगणकही बंद असतो, हे विसरू नये.

१०. काय लिहू नये

साधा मजकूर सर्वांना वाचता येतो हा त्याचा गुण, आणि म्हणूनच त्यात गुप्त गोष्टी लिहू नयेत. कॅमेऱ्यांचा पासवर्ड, कुलपाचे आकडे, बँक खात्याचा तपशील या फाइलमध्ये घालू नये. बँकेत तिजोरीच्या दुसऱ्या किल्ल्या मोहोरबंद पाकिटात दुसऱ्या शाखेकडे ठेवलेल्या असतात. त्याप्रमाणे पासवर्ड बंद पाकिटात कोषाध्यक्षांकडे द्यावा आणि मजकुरात फक्त ‘पासवर्ड कोषाध्यक्षांकडील पाकिटात’ एवढेच लिहावे. पाकीट कोणी, कधी उघडले याची नोंद पाकिटावरच करावी.

११. याचा फायदा कोणाला

पहिला फायदा ज्येष्ठांना. साध्या मजकुराची अक्षरे मोबाइलवर हवी तेवढी मोठी करता येतात, किंवा मोबाइलकडून ती मोठ्याने वाचून घेता येतात. पुस्तिकेच्या छायाचित्राबाबत हे इतके सहज होत नाही. घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर असलेल्या आजी-आजोबांपैकी एकच जण जागा असताना फिल्टर कसा काढायचा, धोक्याची शिट्टी वाजली तर प्रथम काय पाहायचे आणि कोणाला बोलवायचे, या चार ओळी मोठ्या अक्षरांत समोर असणे फार मोलाचे आहे.

दुसरा फायदा भाषेचा. आपल्या शहरात वायरमन बहुधा गुजराती बोलतो, नातवंडे इंग्रजी शाळेत जातात आणि घरात मराठी असते. युनिकोडमधील साधा मजकूर भाषांतराच्या ॲपमध्ये चिकटवून गुजरातीत दाखवता येतो. जुन्या फॉन्टमधल्या किंवा चित्रातल्या मजकुराबाबत ते कठीण. शिवाय नातवाने आजोबांकडून विचारून विचारून घरच्या पंपाची नोंद मराठीत लिहिली, तर त्या निमित्ताने त्याचा मराठी लिहिण्याचा सरावही होतो. ‘वॉशर’, ‘फूट व्हॉल्व्ह’, ‘झडप’, ‘आटे’ हे शब्द पाठ्यपुस्तकात भेटत नाहीत, ते असेच भेटतात.

तिसरा फायदा संस्थेला. कार्यकारिणी बदलताना शिक्के, पासबुके आणि किल्ल्या यांचे हस्तांतरण होते. त्या यादीत ‘यंत्रनोंदींच्या फाइली, तीन प्रती’ अशी एक ओळ वाढवली, तर नव्या मंडळींना शून्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.

१२. सुरुवात कोठून करावी

सगळे एकदम करू नये. प्रथम अशा यंत्रांची यादी करावी की जी बंद पडली तर माणसाला इजा होईल किंवा कार्यक्रम थांबेल. घरासाठी ती यादी बहुधा तीनचार ओळींची असते: वैद्यकीय उपकरण असल्यास ते, गॅस, मुख्य वीजपेटी, पंप. सभागृहासाठी वीजपेटी, इन्व्हर्टर, ध्वनियंत्रणा आणि असल्यास लिफ्ट. प्रत्येकासाठी एक फाइल, वर दिलेल्या नऊ बाबी, आणि लिहून झाल्यावर एक परीक्षा: ज्याने ते यंत्र कधी हाताळले नाही अशा घरातल्या व्यक्तीला केवळ ती नोंद वाचून यंत्र बंद करून पुन्हा सुरू करायला सांगावे. (वैद्यकीय उपकरणाबाबत ही परीक्षा रुग्ण त्यावर नसतानाच घ्यावी.) जेथे ती व्यक्ती अडेल, तेथे आपली नोंद अपुरी आहे. ती ओळ सुधारावी आणि खाली तारीख घालावी.